पोन्नर-शंकरवर सिनेमा करायचाय? मग राजवाडा विसरा, आधी रान शोधा

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारे मराठी चित्रपटांत सहायक दिग्दर्शक आहेत. कोइमतूरच्या एका निर्मात्याला कोंगु नाडूतल्या पोन्नर आणि शंकर या वीर भावांवर मोठा तमिळ ऐतिहासिक चित्रपट करायचा आहे आणि त्याने यांना पटकथेपासून सोबत घेतलं आहे. सुरुवात कुठून करावी, दोन्ही भाऊ एकाच नटाने करावेत का, प्राण्यांचं काय करायचं, आणि खर्च वाचवायला काही भाग महाराष्ट्रात शूट करता येईल का, हे त्यांना विचारायचं आहे.

मी या धंद्यात कलादिग्दर्शनाच्या दाराने आलो आणि बरीच वर्षं चेन्नईत काढली. त्यामुळे माझं उत्तर जमीन, झाडं, दगड आणि कपडे यांच्याकडे झुकणार. पण या कथेपुरतं ते झुकणं योग्यच आहे, असं माझं मत आहे.

ज्यांना कथा माहीत नाही त्यांच्यासाठी चार ओळी. कोंगु नाडू म्हणजे ढोबळमानाने आजचे कोइमतूर, तिरुप्पूर, ईरोड, नामक्कल, करूर हे जिल्हे आणि त्यांचा आजूबाजूचा मुलूख. तिथे 'अण्णन्मार कथै' पिढ्यानपिढ्या गायली जाते. कुन्नुडैया गौंडर आणि तामरै हे शेतकरी जोडपं. मूल होत नाही म्हणून तामरै घोर तप करते आणि तिला जुळे मुलगे होतात, पोन्नर आणि शंकर. त्यांची बहीण तंगाळ. त्यांचा जिवाला जीव देणारा साथीदार सांबुगन. समोर रानातले वेट्टुव, म्हणजे शिकारी, आणि त्यांचा वीर तलैयूर काळी. मध्ये कोम्बन नावाचा अजस्र रानडुक्कर. शेवटी दोघे भाऊ ऐन तारुण्यात स्वतःच्या तलवारीवर पडून प्राण देतात आणि बहीण त्यांचा शोध घेत रानात येते. महाभारताशी नातं लावून गायक या भावांना पांडवांचा पुनर्जन्मही म्हणतात.

आता पहिली गोष्ट, जी निर्मात्याशी पहिल्याच बैठकीत बोलून घ्या. तो याला 'ऐतिहासिक' म्हणतोय, पण हे दोघे आज देव आहेत. तिरुचिरापल्ली जिल्ह्यात मणप्पारैजवळ वीरप्पूरला पेरियकांडी अम्मनच्या देवळाशी त्यांचं ठाणं आहे. मासी महिन्यात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, तिथे मोठी जत्रा भरते आणि लाखभर डोळ्यांना ही कथा पाठ असते. खंडोबाच्या जागरणात रात्रभर बसलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. तुमच्या प्रेक्षकांपैकी कितीतरी जण तिकीट काढून आपल्या कुळाच्या देवाला बघायला येणार आहेत. त्यांना पोन्नरच्या चेहऱ्यावरचा नट दिसता कामा नये. पहिल्या दहा मिनिटांत तो दिसायचा बंद झाला पाहिजे.

म्हणून पटकथेच्या आधी गायक. या कथेची एकच अधिकृत संहिता नाही. उडुक्कै नावाचं डमरूच्या घाटाचं वाद्य वाजवत गायक ती अनेक रात्री सांगतात. प्रत्येकाची वळणं वेगळी असतात. १९६५ मध्ये कांगेयमजवळच्या ओलप्पाळैयम गावात ब्रेंडा बेक या मानववंश-अभ्यासक महिलेने एक पूर्ण कथन ध्वनिमुद्रित केलं. तेव्हापासून अभ्यासकांचं बरंचसं काम त्या कथनाभोवती फिरतं. ते वाचा, पण तेवढ्यावर थांबू नका. एक गायक निवडा, त्याच्याकडून सगळ्या रात्री ऐका, आणि त्याचंच कथन आधार म्हणून धरा. चार गायकांकडून चांगले चांगले प्रसंग उचलून जोडलेली पटकथा मी वाचलेली आहे. प्रत्येक प्रसंग सुंदर होता, पण एकाही पात्राचा स्वभाव दोन प्रसंगांत सारखा नव्हता.

गायकाशी लेखी करार करा आणि मानधन आगाऊ द्या. लोककथा कुणाच्या मालकीची नाही, हे खरं. पण त्याच्या सादरीकरणावर त्याचा कलाकार म्हणून कायदेशीर हक्क असतो आणि तो ५० वर्षं टिकतो. दुसरं, याच कथेवर एम. करुणानिधी यांनी कादंबरी लिहिली आहे आणि तिच्यावरून २०११ मध्ये त्यागराजन यांनी चित्रपट केला. त्यात त्यांचा मुलगा प्रशांत याने दोन्ही भाऊ केले होते. करुणानिधींची पुस्तकं २०२४ मध्ये तमिळनाडू सरकारने राष्ट्रीयीकृत केली, त्यामुळे निर्माता म्हणेल की आता सगळं मोकळं आहे. पुस्तक मोकळं झालं म्हणून चित्रपटाची पटकथा, संवाद, गाणी मोकळी होत नाहीत. तुमच्या लेखकाने तो चित्रपट पाहिला असेल तर कुठला प्रसंग गायकाकडून आला आणि कुठला डोक्यात राहिलेल्या पडद्यावरून, याची वही ठेवा. पुढे वकिलाला तीच लागते.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. चोळांवरच्या चित्रपटांनी पैसा मिळवल्यापासून चेन्नईत प्रत्येक निर्मात्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र आहे: उंच गोपुरं, हत्तींची रांग, सोन्याने मढलेला दरबार. तुमचा निर्माताही पहिल्या बैठकीत तेच स्केच मागणार. ते देऊ नका. ही राजघराण्याची कथा नाही, नांगर चालवणाऱ्या घराण्याची आहे. चोळ राजा कथेत येतो, पण तो दुरून येतो, जमीन देणारा आणि खंडणी घेणारा म्हणून. भावांचं सगळं वैभव म्हणजे पाणी आलेली शेतं, भरलेली कोठारं आणि गोठा. त्यांचं वैर रानाशी आहे. जंगल तोडून शेत पुढे सरकतं, तसा शिकाऱ्यांचा मुलूख मागे हटतो. पोपट, डुक्कर, घोडे, युद्ध हे सगळं त्या एका सरकत्या रेषेवर घडतं. ती रेषा पडद्यावर दिसली पाहिजे. एका बाजूला ताजी नांगरट आणि दुसऱ्या बाजूला काटेरी रान, अशी एक जागा सापडली की निम्मा चित्रपट सापडला. दरबाराच्या सेटवर जे कोट्यवधी ओतायचे, ते या रेषेवर ओता. राजवाडा तर प्रेक्षकांनी आता खंडीभर पाहिलेत.

ही जागा शोधणं सोपं नाही. कोंगुत आज गाडी घेऊन फिरलात तर क्षितिजावर पवनचक्क्या दिसतील. पालक्काड खिंडीतून येणारा वारा उडुमलपेट, धारापुरम, पल्लडम पट्ट्यात इतका आहे की तिथे त्यांचं जंगलच उभं राहिलं आहे. एखाद-दुसरी पुसता येते. दोनशे पुसायच्या तर प्रत्येक वाइड शॉट व्हीएफएक्सवाल्याच्या बिलात जातो. दुसरी डोकेदुखी वेडी बाभूळ, तिकडे जिला सीमै करुवेलम म्हणतात. ती अमेरिका खंडातून इकडे आली आणि इंग्रजांच्या काळापासून तमिळनाडूभर पसरली. आज 'रानटी' दिसणारी बहुतेक जागा तिचीच आहे. मध्ययुगीन रान म्हणून ती दाखवलीत तर सामान्य प्रेक्षक काही बोलणार नाही, पण कोंगुतला म्हातारा शेतकरी बोलेल, आणि या चित्रपटाचा समीक्षक तोच आहे. फड्या निवडुंग, निलगिरी, गाजरगवत हेही बाहेरचेच. स्वयंपाकघरात मिरची, टोमॅटो, बटाटा ठेवू नका. मिरे, चिंच, हळद, राळा, नाचणी चालेल. मका तर अजिबात नको. लांबून पिवळं शेत सुंदर दिसतं म्हणून छायाचित्रकार हट्ट धरेल, तेव्हा ठाम राहा.

जे आहे ते मात्र विलक्षण आहे, आणि ते अजून पडद्यावर नीट आलेलं नाही. कांगेयम परिसरात कोरंगाडू नावाची जुनी कुरणं आहेत. मुळ्ळु किळुवै या काटेरी झुडपाचं जिवंत कुंपण, आत कोळुक्कट्टै गवत आणि मधूनमधून हिवरासारखी पांढऱ्या सालीची बाभूळ, तिकडची वेळ्वेलम. तिथे चरणारी कांगेयम गुरं भक्कम बांध्याची, करड्या रंगाची असतात. वासरं जन्मतः तांबूस असतात आणि काही महिन्यांनी करडी होतात. कॅमेऱ्याला यापेक्षा काय हवं? ताडाची झाडं, बैलांची मोट असलेली खोल दगडी विहीर, लाल माती. मोटेची विहीर चालू स्थितीत आता क्वचितच मिळते, ती बांधून घ्यावी लागेल. माझ्या हिशेबात तो सेट दरबारापेक्षा महत्त्वाचा. पाणी आणणं हाच त्या घराण्याचा पराक्रम आहे.

काळ कोणता धरायचा? कथेला पक्कं शतक नाही आणि अभ्यासकांनीही ती वेगवेगळ्या शतकांत बसवली आहे. तुम्ही एक ठरवा आणि सर्व विभागांना ते लेखी द्या. बंदूक नसलेला काळ धरलात तर काम सोपं होतं. पोशाखासाठी देवळांतली राजशिल्पं बघू नका, वीरगळ बघा. तमिळमध्ये त्याला नडुकल म्हणतात. कोंगु आणि धर्मपुरी-कृष्णगिरीकडे डुकराशी किंवा वाघाशी लढताना मेलेल्या वीरांचे दगड आहेत. कमरेला घट्ट कसलेलं वस्त्र, बाजूला बांधलेला अंबाडा, हातात भाला किंवा कट्यार, आणि समोर उसळलेलं जनावर. शंकरचा पोशाख, त्याची उभं राहण्याची ढब, त्याचं हत्यार, सगळं त्या दगडांत आहे. हत्यारांत भाला, तलवार, कोयता आणि सिलंबमची काठी पुरे. वळरी, म्हणजे फेकून मारायचं ते वाकडं हत्यार, फाइट मास्टर आणू बघेल. दिसायला ते झकास आहे, पण ते शिवगंगेच्या मरुदु बंधूंच्या नावाशी जोडलेलं. तेही वीर भाऊ, पण १८०१ मध्ये इंग्रजांनी फासावर दिलेले. दोन वेगळ्या मुलखांची आणि काळांची सरमिसळ कशाला?

दोन भाऊ, एक नट? माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. मोठा स्टार दुहेरी भूमिकेत असला की पोस्टर विकलं जातं, हे मान्य. पण दुहेरी भूमिकेचा प्रत्येक एकत्र शॉट दोनदा घ्यावा लागतो. कॅमेऱ्याची हालचाल यंत्राने बांधावी लागते. डमी लागतो. मेकअप आणि कपडे बदलताना तीनशे ज्युनियर आर्टिस्ट उन्हात बसून राहतात आणि त्यांचा बाटा, म्हणजे रोजचा भत्ता, चालू राहतो. भावांचा आलिंगनाचा प्रसंग तुम्ही मग टाळायला लागता, कारण तो महाग पडतो. आणि ही कथाच दोघांच्या सोबत असण्याची आहे. शिवाय जुळे असले तरी स्वभावाने ते दोन टोकं आहेत. पोन्नर शांत, विचार करून पाऊल टाकणारा. शंकर तापट, आधी वार मग प्रश्न. बरेच गायक आवाज बदलून हा फरक करतात. दोन तरुण, फारसे माहीत नसलेले नट घ्या, आणि त्यांना शूटिंगच्या आधी निदान तीन-चार महिने एकत्र नांगर, घोडा, काठी शिकू द्या. स्टार हवाच असेल तर तो तलैयूर काळी किंवा वडिलांच्या भूमिकेत घ्या. वडिलांचा भाग मोठा आहे. अनाथ पोरापासून जमीनदारापर्यंतचा तो प्रवास पहिला अर्धा तास सहज पेलतो.

आता बहीण. या कथेत पटकथाकार सगळ्यात जास्त गोंधळतात ते इथे, म्हणून जरा थांबतो. भावांची लग्नं होतात, पण बऱ्याच कथनांत ती नावापुरतीच राहतात. बायका वेगळ्या वाड्यात ठेवलेल्या असतात, भाऊ तिकडे फिरकत नाहीत. त्यांच्या जगात एकच बाई आहे, बहीण. भाऊ मेल्यावर तंगाळ त्या बायकांना शोक करायला बोलावते. ज्यांनी आम्हाला कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी आम्ही का रडायचं, असा त्यांचा सवाल असतो. आणि तंगाळ तो वाडा पेटवते. व्यावसायिक चित्रपटात साहजिकच या जागी दोन नायिका आणि दोन युगुलगीतं येतात. तसं केलंत की कथेचा कणा गेला. त्या बायकांचा सवाल खरा आहे आणि तंगाळचा रागही खरा आहे. दोन्ही तसंच ठेवा, कुणाला खलनायिका करू नका.

दुसरीकडे रानातही एक बहीण आहे. तंगाळला रानातले पोपट हवेसे वाटतात, भाऊ ते आणायला जातात, आणि पोपटांची जोडी तुटते. ते पोपट वेट्टुवांच्या बहिणीचे. कोम्बन डुक्करही तिचाच, तिच्या हाकेला ओ देणारा. म्हणजे एका बहिणीच्या हौसेची किंमत दुसऱ्या बहिणीने मोजली आणि तिने डुक्कर पाठवून शेतं, बंधारे उद्ध्वस्त करवले. सगळं युद्ध इथून पेटतं. मी पटकथा लिहीत असतो तर या दोन बहिणींना मध्यंतराआधी एकदा समोरासमोर आणलं असतं, एकही संवाद न देता. कथेत तसा प्रसंग नाही. पण एवढी मोकळीक गायकही घेतात.

यातून दुसरा प्रश्न येतो, तो जिकिरीचा आहे. वेट्टुव गौंडर हा आज तिथे राहणारा, मतदान करणारा, थिएटरात येणारा समाज आहे. त्यांच्यातले अनेकजण तलैयूर काळीला आपला वीर मानतात. सांबुगन परैयर या दलित समाजातला आणि त्याच्याशिवाय भाऊ एक लढाई जिंकत नाहीत. त्याला विनोदी नोकर केलंत तर ते चूकही आहे आणि आजच्या तमिळनाडूत चालणारही नाही. कारागीर समाजाशी भावांचा तंटा कथेत आहे. निर्माता कोंगुचा असेल तर त्याला आपल्या बाजूची कथा मोठी करावीशी वाटेल. त्याला समजवा की शत्रू जितका न्यायी, तितका नायकाचा मृत्यू जड होतो. वेट्टुवांच्या बाजूने कथा सांगणाऱ्या माणसांनाही पटकथेच्या टप्प्यावर भेटा. पोस्टर लागल्यावर भेटायला गेलात तर ती भेट कोर्टात होते. सुरुवातीला 'काल्पनिक' अशी पाटी लावून या सगळ्यातून सुटका होत नाही. लोक ज्याची पूजा करतात त्याला काल्पनिक म्हणणं हीच नवी कुरापत ठरू शकते. 'लोकगायकांच्या परंपरेवर आधारित' एवढं पुरे.

प्राण्यांचं आता कायद्याच्या भाषेत. चित्रीकरणात प्राणी वापरायचा तर २००१ च्या नोंदणी नियमांखाली भारतीय पशुकल्याण मंडळाला आधी कळवून परवानगी घ्यावी लागते. पूर्वी हे मंडळ चेन्नईतच होतं, २०१८ पासून हरियाणात बल्लभगडला आहे, म्हणजे तुमच्या मॅनेजरची एक फेरी वाढली. त्यांचं प्रमाणपत्र नसेल तर सेन्सॉर बोर्ड त्या प्रसंगांपाशी अडतं. प्राणी संगणकावर केला असेल तरी तो तसा केल्याचा पुरावा मागतात, त्यामुळे व्हीएफएक्सच्या कच्च्या फायली जपून ठेवा. घोडे आणि पाळीव कुत्रा जमतो. डुक्कर खरा विसरा. पोपटही विसरा, वन्यजीव कायद्याने तो पिंजऱ्यात ठेवणंच गुन्हा आहे. बैलाचं प्रकरण सगळ्यात विचित्र. केंद्राने २०११ मध्ये त्याला प्रदर्शनासाठी बंदी असलेल्या प्राण्यांत घातलं. जल्लिकट्टूला २०१७ च्या तमिळनाडूच्या दुरुस्तीने वाट काढून दिली, पण ती त्या खेळापुरती. शेतात चरणाऱ्या गुरांचं साधं दृश्य आणि बैलाकडून करून घेतलेला प्रसंग यांत फरक आहे. नांगराचा शॉट कुठे बसतो हे जाणकार वकिलाकडून लेखी घ्या. शेतकऱ्यांवरच्या चित्रपटात बैलावरून अडकणं म्हणजे कमालच, पण तशी वेळ येते.

डुक्कर म्हणजे कोम्बन हा तुमचा खरा खर्च. त्याचं मॉडेल शूटिंगच्या आधी तयार पाहिजे, निदान चालणं, वळणं, धडक आणि श्वास एवढं तरी. नाहीतर नट हवेत बघून घाबरतात आणि ते कळतं. सेटवर त्याच्या उंचीचा भरीव पुतळा हवा, ज्याच्या अंगावर प्रकाश कसा पडतो ते छायाचित्रकाराला दिसेल. धूळ, मोडलेली झुडपं, उडालेली माती हे सगळं प्रत्यक्ष करा. संगणकाला फक्त जनावर करू द्या. रात्रीचा प्रसंग आणि पाऊस घालून खराब व्हीएफएक्स लपवायची एक सवय पडली आहे. कोम्बन भर दुपारी यायला हवा, उभ्या पिकात. आणि 'पोन्नाची' नावाची छोटी कुत्री विसरू नका. मोठमोठे शिकारी कुत्रे हरतात आणि ही एवढीशी कुत्री डुकराच्या वृषणाला चावून त्याला थांबवते, मग शंकरचा भाला बसतो. जत्रेत या जागी हमखास हशा पिकतो. गंभीर चित्रपटात कसं चालेल म्हणून ते कापू नका. पुढच्या अर्ध्या तासात सगळे मरणार आहेत, प्रेक्षकाला ते हसू हवं आहे. सेन्सॉरच्या २०२४ च्या नव्या नियमांत यूए (पालकांच्या देखरेखीखालच्या) प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षं असे टप्पे आले आहेत. रक्ताचं प्रमाण ठरवताना कुठला टप्पा हवा ते आधीच ठरवा, नाहीतर संकलनाच्या टेबलावर घाईने कापाकापी होते.

भाषा. तमिळ ऐतिहासिक चित्रपटांत छापील, भारदस्त तमिळ बोलायची जुनी सवय आहे. ती दरबाराला शोभते. कोंगुची बोली तशी नाही. ती अदबीची, बोलण्याला शेवटी 'ंग' लावणारी, रागातसुद्धा मान देणारी आहे. मुलीला 'अम्मिणी' म्हणणारी. शंकरने शत्रूला मारण्याआधी अदबीने बोलावं, यात जी धास्ती आहे ती पल्लेदार संवादात येणार नाही. माझा सल्ला: घरात आणि शेतात कोंगु बोली, राजासमोर आणि देवाशी बोलताना चढी भाषा. वेट्टुवांना वेगळी 'जंगली' भाषा देऊ नका, ते शेजारीच आहेत. बोलीसाठी सेटवर कोंगुतलीच एखादी बाई नेमा. बाईच का, तर तंगाळचे आणि तामरैचे संवाद पुरुष लेखक हमखास बिघडवतात.

संगीताबद्दल एवढंच की उडुक्कैला मोठ्या वाद्यवृंदाखाली गाडू नका. युद्धात सुद्धा ते एकटं वाजू द्या.

शेवटचा प्रसंग. कोंगुतल्या गावांत 'पडुकळम' होतं. कथा भावांच्या मृत्यूपाशी येते तेव्हा माणसं अंगात येऊन धरणीवर कोसळतात, त्यांना पांढऱ्या कापडाखाली झाकतात आणि मग तंगाळच्या जागी असलेली व्यक्ती पाणी शिंपडून त्यांना उठवते. म्हणजे शेवटाची मांडणी, हालचाल, लय, सगळं त्या लोकांनी पिढ्यानपिढ्या बसवलेलं आहे. कथेतही बहीण भावांना क्षणभर जिवंत करते, निरोप घेते आणि त्यांना पुन्हा जाऊ देते. हे स्लो मोशन आणि आकाशातून उतरणाऱ्या प्रकाशात करू नका. एखादं पडुकळम कॅमेरा न नेता बघा, दिग्दर्शक आणि छायाचित्रकार दोघांनी. नंतर नटांसोबत ते वेगळं बसवा. खऱ्या विधीत नट मिसळून चोरून शूट करायची कल्पना कुणीतरी मांडेल. तिथल्या तिथे नाही म्हणा.

वेळापत्रकाचं बघताना तमिळनाडूचा पाऊस आपल्यासारखा नसतो हे लक्षात ठेवा. मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी. कोरडं रान हवं तर फेब्रुवारी ते मे, पण मासीच्या जत्रेच्या आसपास त्या भागात राहायला खोली मिळत नाही आणि माणसंही कामावर येत नाहीत. हिरवी शेतं हवीत तर पावसानंतर, कुळित्तलैच्या बाजूला, कावेरीच्या कालव्यांवर. जुलै-ऑगस्टमध्ये, आडी महिन्यात, वारा इतका असतो की संवाद ध्वनिमुद्रित करणं अवघड आणि विग सांभाळणं त्याहून अवघड. तेव्हा युद्धाची धूळ शूट करा, ती फुकट मिळते. कामगार फेफ्सी या दक्षिणेतल्या चित्रपट-कामगार महासंघाच्या संघटनांचे असतील, त्यांचे तास, प्रवास, जेवण यांचे नियम ठरलेले आहेत. मुंबईच्या अंदाजाने बजेट करू नका, चेन्नईचा प्रॉडक्शन मॅनेजर पहिल्या दिवसापासून घ्या.

आणि महाराष्ट्रात शूटिंग. आतल्या सेटसाठी कर्जतला किंवा आणखी कुठे स्टुडिओ स्वस्तात मिळत असेल तर जरूर या. भिंत ती भिंतच. पण बाहेरचं दृश्य सह्याद्रीत घेऊ नका. आपला डोंगर बेसॉल्टचा, थरांचा, सपाट माथ्याचा, काळा. कोंगुचा दगड ग्रॅनाइटी, गोल, फिकट, उन्हात तापून सालपटं निघालेला. दोन्ही शॉट शेजारी लावले की रंगसंगतीवाल्याला कितीही पैसे द्या, जोड दिसतेच. आपल्याकडून न्यायचीच तर माणसं न्या: कोल्हापूरकडचे मर्दानी खेळ जाणणारे स्वार आणि तलवारबाज चेन्नईच्या फाइट मास्टरच्या हाताखाली उत्तम काम करतात. फक्त स्टंट युनियनची परवानगी आधी घ्या, आणि त्यांच्या दांडपट्ट्याला कॅमेऱ्यासमोर येऊ देऊ नका.